मधून काठाकडे

१

सुरकुती मला खपत नाही. कपड्याची नाही, चादरीची नाही आणि काचेची तर मुळीच नाही. धक्क्यावरची माणसं माझ्यामागे मला 'इस्त्री' म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर 'काकू' म्हणतात. माझी तक्रार नाही. इस्त्री तापलेली असते म्हणूनच लोक तिला जपून हात लावतात.

आमचा धंदा होड्यांच्या खिडक्यांचा. होडीवर पाइपच्या कमानी असतात, कमानींवर जाड कापडाचं छप्पर, आणि वारापाणी आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी कापडी भिंती. त्या भिंतींत पारदर्शक व्हिनाइलच्या खिडक्या बसवायच्या. आम्ही त्या व्हिनाइलला काचच म्हणतो. आहे लवचिक प्लास्टिक, पण नीट बसवलं तर नवखा माणूस बोटाने टकटक करून बघतो. माप घेणं ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे. शिवणं माझ्याकडे. बडबड दोघांकडे, पण त्यातही हे पुढे.

बहुतेक कारागीर आधी कापडाला भोक पाडतात आणि मग त्यात काच शिवतात. भोक पडलं की कापड ढिलं, कापड ढिलं की काचेला सुरकुती. आम्ही कापड अखंड ठेवतो. मोठ्या टेबलावर ते पसरायचं, त्यावर काच ठेवायची, कडेने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची. टाचणी नाही, कारण टाचणीचं भोक काच जन्मात विसरत नाही. मग पालथ्या हाताने मधून काठाकडे सारत जायचं, शिवण घालायची, आणि सगळं झाल्यावर मागचं कापड कापून काढायचं. खिडकी अगदी शेवटी डोळे उघडते.

हे मला सासऱ्यांनी शिकवलं. ते म्हणायचे, "सूनबाई, सुरकुती मरत नाही, सरकते. तिला काठ दाखवावा लागतो. काठ दिसला की आपली आपण जाते." सासरे फार कमी बोलत, त्यामुळे जे बोलले ते सगळं माझ्या लक्षात आहे.

२

जगाच्या होड्यांना आम्ही खिडक्या लावल्या आणि आमच्या होडीला नुसतं छप्पर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "आपली बसवू की सावकाश," असं हे म्हणत राहिले आणि मीही मान डोलावत राहिले.

मग थंडीत ह्यांची छाती भरली. दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "आता ह्यांना वारा लागता कामा नये. पुन्हा असंच झालं, तर या वेळेसारखं निभावेल असं मी सांगू शकत नाही."

आमचं घर दुकानाच्या वर. खालीच धक्का. हे दिवसभर खिडकीशी बसून होडीकडे बघत आणि खोकत.

"पाण्यावर जायचं नाही म्हणतेस, तर मग मला कपाटातच ठेव की," एके दिवशी म्हणाले. "वर डांबरगोळ्या टाक."

"कपाटात जागा नाही," मी म्हणाले. "आणि डांबरगोळ्यांनी तुमची जीभ थोडीच थांबणार आहे?"

हे हसले आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबेना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. मला हा माणूस हवा होता. खोकणारा, चिडणारा, पांचट विनोद करणारा, कसाही. डोळे पुसले आणि खाली जाऊन काचेची सगळ्यात चांगली गुंडाळी काढली, गिऱ्हाइकांना न दाखवता जपून ठेवलेली.

ह्यांनी पांघरूण लपेटून, खोकत, स्वतः माप घेतलं. मी नको म्हणत होते. "तुझ्या मापावर विश्वास ठेवला तर खिडकी शेजारच्या होडीला बसेल," असं त्यांचं उत्तर.

३

खिडक्या झाल्या त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. टिचबटणं लावली, चेनी ओढल्या, आणि आत एकदम शांत झालं. वारा बाहेर, आम्ही आत, आणि चहूकडून पाणी दिसतंय. मागच्या बाकावर हे पाण्याच्या बाजूच्या खिडकीला लागून बसले. मी त्यांच्या डावीकडे, धक्क्याच्या बाजूला, चेनच्या दाराजवळ.

"बाई," हे म्हणाले, "काच आहे की नाही तेच कळत नाही. हात लावून बघू का?"

"लावाल तर बोटं उमटतील. खबरदार!"

आणि तेव्हाच मला ती दिसली. ह्यांच्या उजव्या कानाच्या उंचीवर, पाण्याच्या बाजूच्या खिडकीत, एक सुरकुती. वीतभर असेल. आडवी नाही, उभी नाही. बाहेरून कुणी कपाळ टेकवलं तर कापड जसं आत येऊन कडेला चुरगळेल, तशी ती गोलसर होती.

मी दाराने बाहेर पडून वळसा घालून बघायला निघाले आणि दोन पावलांत थांबले. त्या बाजूला वळसा घालण्यासारखं काही नव्हतंच. खाली पाणी होतं.

४

सुरकुतीची कारणं असतात. कमान वाकलेली असते, नाहीतर टेप ताणून लावलेली असते, नाहीतर काच गारठ्यात शिवलेली असते आणि उन्हात सैल पडते. मी कमानीला ओळंबा लावला. सरळ होती. टेप मी स्वतः लावली होती, आणि माझ्या टेपबद्दल मला शंका घेता येत नाही. राहिलं ऊन. पण ऊन सगळ्याच खिडक्यांवर होतं.

मी ती खिडकी काढून दुकानात आणली. टेबलावर पसरली तर सपाट. नुसती सपाट नाही, वर पाण्याचा थेंब ठेवला तर जागचा हलेना. पुन्हा नेऊन लावली. हे आत जाऊन बसले आणि थोड्या वेळाने सुरकुती आली. त्याच जागी, ह्यांच्या कानापाशी.

नव्या अखंड कापडावर नवी काच शिवली. मागचं कापड कापायच्या आधी, मुद्दाम, तशीच आंधळी खिडकी नेऊन लावली. काही नाही. दिवसभर वाट बघितली. दुसऱ्या दिवशी मागचं कापड कापलं, खिडकीने डोळे उघडले, आणि हे चष्मा पुसून बाकावर टेकतात न टेकतात तोच काच त्यांच्या दिशेने हळूच आत आली.

"बघितलंत?" मी म्हणाले.

"काय?"

"आत आली ती."

"अगं, मी टेकलो म्हणून आली असेल."

"तुम्ही टेकलात तर बाहेर जायला हवी ना?"

यावर हे काचेकडे वळून बघायला लागले. मग म्हणाले, "असू दे की एक. आपल्या दोघांच्या तोंडावर किती आहेत! हिला एकटीलाच का छळतेस?"

मनात म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. दवाखान्यातले दिवस अंगातून गेलेले नाहीत, म्हणून हे सगळं दिसतंय. काच आहे, ऊन आहे, आणि कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते आहे. पण खिडकी पुसताना एक गोष्ट लक्षात आली. सुरकुतीच्या जरा खाली काचेवर वाफ धरली होती. कुणी तोंड जवळ नेऊन बघावं तेवढी. मी आतून फडकं फिरवलं. वाफ पुसली गेली नाही. ती बाहेरच्या अंगाला होती.

५

मला भीतीपेक्षा राग जास्त आला, हे खरं आहे. इतकी वर्षं या हातातून एक सुरकुती सुटली नाही आणि आमच्याच होडीत, ह्यांच्याच कानाशी ही ठाण मांडून बसते म्हणजे काय?

भर दुपारी मी होडीत गेले. त्या वेळी काच मऊ असते, ऐकते. हे बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. वारा नव्हता म्हणून मी दाराची चेन उघडी ठेवली होती. गुडघा बाकावर रोवला, पालथा हात सुरकुतीच्या मधोमध ठेवला आणि सारायला लागले.

काच तापलेली होती. सुरकुती मात्र गार होती. आणि ती माझ्या हाताखालून पळाली नाही. मांजर डोकं घासतं तशी हाताला येऊन भिडली. मी हात काढायला हवा होता. पण सवय वाईट. हात आपोआप काठाकडे निघाला आणि ती हाताबरोबर निघाली, अगदी शहाण्यासारखी.

खिडकीचा काठ आला. तिथे जाड शिवण होती. सुरकुती कधी शिवण ओलांडत नाही; दोऱ्यांची भिंतच असते ती. ही ओलांडून पुढच्या खिडकीत गेली. मला आनंद झाला! सासरे असते तर त्यांना हाक मारून दाखवलं असतं. तिथून पुढे, समोरच्या खिडकीतून, मग वळसा घेऊन धक्क्याच्या बाजूला, मी तिला सारत आणलं. मोकळा काठ कुठे आहे तेवढंच डोक्यात. मोकळा काठ एकच होता, उघड्या चेनचा. तिथपर्यंत नेलं आणि शेवटचा हात फिरवला.

दाराचा कापडी पदर जरासा उचलला गेला आणि पुन्हा पडला. वारा नव्हता.

छोट्या होडीत माणूस चढला की ती त्या बाजूला दबते. पायाखाली कळतं. आमची होडी दबली, सावरली, आणि मग थोडी ह्यांच्या बाजूला कलली.

"या, बसा," ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हटलं. आयुष्यभराची सवय, होडी हलली की 'या, बसा'. मग मान वर केली. "कोण आलं गं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

दुकानातल्या टेबलावर काठापलीकडे रिकामी जागा असते, सुरकुती तिथे निघून जाते. इथे काठापलीकडे दार होतं, आणि दाराच्या आत आम्ही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. पण त्या वेळी मी चारी बाजूंना बघत होते. एकही सुरकुती नव्हती. इतकं नितळ काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. मी दाराची चेन ओढून लावली.

६

त्यानंतरचे दिवस चांगले होते. खोटं कशाला सांगू? ह्यांचा खोकला कमी झाला, मग थांबलाच. भूक लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून, "काय जादू केलीत?" असं विचारलं. हे म्हणाले, "बायको शिंपीण केली." सकाळचा चहा झाला की हे होडीत जात आणि जेवायला हाक मारल्याशिवाय येत नसत.

मी दुकानातून अधूनमधून डोकावत असे. हे आता खिडकीला लागून बसत नव्हते. बाकाच्या मधे सरकून बसत, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून.

"अशी जागा का सोडता?" मी विचारलं.

"सोडतो का?" त्यांनी बाकाकडे बघितलं. "असेल. बरं वाटतं."

एकदा सकाळी हे उठले तेव्हा उजव्या गालावर उशीचा वळ नव्हता. ते रोज उजव्या कुशीवर झोपतात आणि रोज वळ असतो. मग दोन भुवयांमधली आठी गेली. गिऱ्हाइकांशी घासाघीस करून कमावलेली आठी होती ती.

"चोरून क्रीम लावता की काय?" मी म्हटलं.

"या वयात कोणासाठी लावू? तू तर चष्मा काढून बघतेस माझ्याकडे."

लेक दूर असते. फोनवर चेहरे दिसतात तसा फोन केला तिने. आधी म्हणाली, "बाबा, किती तरुण दिसताय!" हे खूश. ह्यांनी डांबरगोळ्यांचा विनोद तिला सांगितला आणि स्वतःच हसले. ती हसली नाही. नंतर मला एकटीला म्हणाली, "आई, बाबा हसले तेव्हा कसेतरीच दिसले गं. अर्धेच हसल्यासारखे. पक्षाघात वगैरे नाही ना?"

मी तिला नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. ओठ दोन्हीकडून हलत होते. फक्त उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काही होत नव्हतं. तिथे सुरकुत्या होत्या, हसले की पंख्यासारख्या उघडायच्या. लग्नात नव्हत्या त्या. मी त्या पडताना पाहिल्या आहेत. निम्म्या तरी माझ्या टोमण्यांनी पडल्या असतील. आता तिथे नितळ कातडं होतं, नव्या काचेसारखं. रात्री मी त्यांच्या डाव्या अंगाला झोपले आणि डाव्या डोळ्याशी हात ठेवून पडून राहिले. तिथल्या अजून होत्या.

७

सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन मी धक्क्यावर आले आणि होडीच्या पुढच्या टोकाशी थांबले. ऊन मागून होतं, त्यामुळे आतलं स्पष्ट दिसत होतं.

हे बाकावर बसले होते. डोळे मिटलेले, हनुवटी वर. लहान मुलाचं तोंड आई पुसते तेव्हा मूल धरतं ना, तशी. चेहऱ्यावर सुख होतं. आणि त्यांचा उजवा गाल हलत होता. नाकापासून कानाकडे, कातडं सावकाश दाबलं जात होतं, पुढे सारलं जात होतं, मग पुन्हा मधून सुरुवात. हाताची पालथी बाजू लागावी तेवढा दाब. तो हात माझ्याइतकाच सवयीचा होता. एका ठिकाणी थांबून त्याने तीच जागा दोनदा घेतली. मीही घेतली असती.

त्यांच्या उजवीकडे कुणी नव्हतं. मी पापणी न लववता बघितलं. पलीकडच्या खिडकीतून पाणी दिसत होतं आणि पाण्यावर सकाळच्या बारीक लाटा होत्या. फक्त बाकावरच्या त्या रिकाम्या जागेतून जेवढं पाणी दिसत होतं, तेवढ्यात लाट नव्हती. ते सपाट होतं. त्या सपाट पाण्याला खांदा होता, आणि ह्यांच्याकडे कललेलं डोकं.

मग ते डोकं माझ्याकडे वळलं असावं, कारण सपाटपणा जरा सरकला. माझ्या हातातला कप हिंदकळला आणि चहा बोटांवर सांडला. भाजलं ते नंतर कळलं.

८

दुकानात जाऊन मी उसवायचं पातं घेतलं. पाचच मिनिटांचं काम. चारी खिडक्या कापून टाकल्या की आत काही कोंडलेलं राहणार नाही. पातं घेऊन निघाले आणि दारातच उभी राहिले. खिडक्या गेल्या की वारा आत येईल. वारा लागला की छाती. डॉक्टरीणबाईंचा आवाज कानात होता. ह्यांना पुन्हा कपाटात ठेवायचं? ठेवलं तरी होडीकडे बघत झुरतील. आणि होडीत ठेवले, तर आज ना उद्या डावा डोळाही जाईल, मग ओठांच्या कडा, मग माझ्या ओळखीचं काहीच उरणार नाही. श्वास चालू राहील आणि माणूस पुसला जाईल.

आणखी एक गोष्ट होती. जे आत आलं होतं त्याला दुष्ट म्हणायला माझी जीभ वळेना. तो मायेचा हात होता. त्याला सुरकुती खपत नव्हती, एवढंच. ते तो कुणाच्या हाताखाली शिकला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पातं टेबलावर ठेवलं आणि होडीत गेले.

"चहा कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"सांडला. तिकडे सरका."

"तू इकडे कुठे? तुझी जागा डावीकडे."

"आज इथे बसणार आहे."

मी ह्यांच्या पायांवरून ओलांडून गेले आणि उजवीकडच्या त्या जागेवर बसले. बसताना डोळे घट्ट मिटले होते. बाक गार होता, पोटऱ्यांपर्यंत गारवा चढला. आधी काहीतरी अंगाला लागून होतं, मग ते खिडकीच्या बाजूला सरकलं. मला जागा दिली. होडी थोडी हलली.

मी डोळे उघडले नाहीत. खिडकीकडे तोंड केलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे माझं माणूस आहे. याच्या तोंडावर जे आहे ते मला हवंय. जे नेलंस ते नेलंस. आता याला हात लावू नकोस."

काही झालं नाही. पाणी होडीला चाटत होतं.

"हात फिरवल्याशिवाय राहवत नाही, ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "मलाही राहवत नाही. मग माझ्यावर फिरव." आणि मी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. चाळीस वर्षं सुई, कात्री, मीठपाणी. त्या हाताएवढ्या सुरकुत्या धक्क्यावर कुणाच्याच हातावर नसतील. मला माझ्या हाताचा अभिमान आहे.

"कोणाशी बोलतेयस?" ह्यांनी विचारलं.

"काचेशी."

"कमाल आहे! नवरा शेजारी बसलाय आणि बाई काचेशी बोलतेय. काच तुला उत्तर देते का?"

"तुमच्यासारखं उलट तरी देत नाही," मी म्हणाले.

हे मोठ्याने हसले. मी डोळे उघडून फक्त त्यांच्याकडे बघितलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सगळ्या सुरकुत्या उघडल्या, एकूण एक, आणि तिकडे कुणी गेलं नाही. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. हे गोंधळले, त्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि "अगं, झालं काय?" असं विचारत राहिले. तेवढ्यात माझ्या उजव्या हाताखाली काहीतरी गार शिरलं. त्याने माझा हात उचलून सपाट धरला, आणि मधोमध अंगठा टेकवून काठाकडे सारायला सुरुवात केली. कुठे दुखत नव्हतं. मी हात तसाच राहू दिला.